प्रतिकारशक्तीचा बाजार आणि बालकांचे हित

मृगाच्या सरी येतात, शाळांची दारे उघडतात आणि पंधरा दिवसांच्या आत शहरातील प्रत्येक बालरोगतज्ज्ञाच्या दारी नाक गळणाऱ्या, खोकणाऱ्या मुलांची रांग लागते. हे दरवर्षीचेच आहे. मात्र २०२० च्या करोना महामारीनंतर या नेहमीच्या दृश्यात एका नव्या मागणीची भर पडली आहे. खोकल्याचे औषध घेऊन पालकांचे समाधान होत नाही. ‘मुलाची प्रतिकारशक्ती वाढेल असे काहीतरी द्या’ असा त्यांचा आग्रह असतो. बाजार या आग्रहाची वाटच पाहत होता. सरबते, थेंब, चघळावयाच्या गोळ्या, पुष्य नक्षत्रावरील सुवर्णप्राशनाची शिबिरे, मृत जंतूंच्या अर्काच्या पुड्या अशी सामग्री आज घरोघर पोहोचली आहे. या खटाटोपातून मुलांच्या पदरी नेमके काय पडते, याचा विचार करण्याची वेळ आली आहे.

प्रथम एक साधी गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. शाळेत किंवा पाळणाघरात नुकत्याच जाऊ लागलेल्या निरोगी बालकाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-पडसे व्हावे, हे निसर्गक्रमाला धरूनच आहे. सर्दीचे विषाणू शेकड्यांनी आहेत, आणि बालकाच्या शरीराला त्यांतील एकेकाची ओळख अद्याप करून घ्यावयाची आहे. बालवर्गात आलेल्या मुलाला अक्षरे येत नाहीत म्हणून कोणी त्याला मंदबुद्धी ठरवीत नाही. वारंवार सर्दी होणाऱ्या मुलाला प्रतिकारशक्तीने दुबळे ठरविणे हे तितकेच चुकीचे होय. ज्याचे वजन वाढत नाही, ज्याला पुनःपुन्हा न्यूमोनिया होतो किंवा ज्याचा कान सतत वाहतो, त्या मुलाची गोष्ट वेगळी. त्याची तपासणी तज्ज्ञाकडून विनाविलंब झाली पाहिजे; दुकानातील बाटलीवर ती सोपविता कामा नये.

आता या उपायांमागे पुरावा किती आहे, ते निःपक्षपातीपणे पाहू. सारेच थोतांड आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मृत जंतूंचे अर्क व तत्सम प्रतिकार-उत्तेजक औषधे यांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. चार हजारांवर मुलांचा समावेश असलेल्या ३५ चाचण्यांवरून, वारंवार आजारी पडणाऱ्या मुलांतील श्वसनविकार सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे त्यात दिसले. आकडा मोठा खरा. परंतु त्यांपैकी बहुतेक चाचण्यांचा दर्जा हलका होता व त्यांच्या निष्कर्षांत मेळ नव्हता, हेही त्याच आढाव्याने बजावले आहे. पुढे २०१९ मध्ये युरोपीय औषध नियामक संस्थेने निर्णय दिला की, जंतूंचे अर्क वारंवार होणाऱ्या श्वसनविकारांच्या प्रतिबंधापुरतेच वापरावेत. झालेल्या आजारावर उपचार म्हणून वा न्यूमोनिया टाळण्यासाठी त्यांचा उपयोग करू नये. तात्पर्य, हे औषध काही निवडक मुलांसाठी, वैद्याच्या विचाराने द्यावयाचे आहे. सरसकट प्रत्येक बालकाच्या दुधात मिसळण्याचे ते चूर्ण नव्हे.

जीवनसत्त्वांची कथाही अशीच बोधप्रद आहे. नोबेल पारितोषिकाचे मानकरी लायनस पॉलिंग यांनी १९७० मध्ये ‘क’ जीवनसत्त्वाचा मोठा पुरस्कार केला. त्यानंतरच्या चाचण्यांत आढळले ते एवढेच, की नित्य सेवनाने सर्वसामान्य माणसाची सर्दी टळत नाही. मुलांतील सर्दीचा काळ मात्र सुमारे १४ टक्क्यांनी, म्हणजे आठवड्यामागे एका दिवसाने, कमी होतो. ‘ड’ जीवनसत्त्वाविषयी २०१७ च्या एकत्रित अभ्यासाने आशा दाखविली होती. २०२५ मध्ये ६१ हजारांहून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र केली, तेव्हा ती आशा जवळजवळ मावळली. तथापि मंगोलियात या जीवनसत्त्वाची तीव्र उणीव असलेल्या शाळकरी मुलांना ते दुधातून दिले असता त्यांचे श्वसनविकार निम्म्यावर आल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्लीतील गरीब वस्त्यांतील बालकांना जस्ताचे पूरक दिल्यावर न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांशाने घटले, असे २००२ च्या एका चाचणीत आढळले. या सर्वांचा अर्थ स्पष्ट आहे. रिकाम्या घागरीत पाणी ओतले तर घागर भरते. भरल्या घागरीत ओतले तर ते जमिनीवर सांडते. आपल्या मध्यमवर्गीय घरांत आज पुष्कळसे पाणी असे जमिनीवर सांडत आहे, आणि ज्यांची घागर रिकामी आहे त्यांच्या दारी कोणी फिरकत नाही.

सुवर्णप्राशनासंबंधी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. काश्यपसंहितेत या विधीचा उल्लेख आहे आणि अनेक सुशिक्षित कुटुंबांची त्यावर श्रद्धा आहे. त्या श्रद्धेचा आम्ही अनादर करीत नाही. परंतु प्राचीनता म्हणजे प्रमाण नव्हे. मुलाच्या मुखात धातूचे भस्म जावयाचे असेल, तर त्याची शुद्धता, त्याची मात्रा व त्याचा गुण यांची परीक्षा कोणत्याही आधुनिक औषधाइतकीच कठोर झाली पाहिजे. आयुर्वेदाच्या खऱ्या अभिमान्यांनीच ही मागणी पुढे होऊन करावी.

प्रतिकारशक्ती जितकी चेतवावी तितकी चांगली, ही समजूत तर धोक्याची आहे. १९६६ च्या सुमारास अमेरिकेत ‘आरएसव्ही’ या विषाणूवरील लस काही अर्भकांना टोचण्यात आली. पुढे त्या विषाणूची खरी बाधा झाली तेव्हा लस घेतलेली मुलेच अधिक अत्यवस्थ झाली. एका चाचणीत बाधा झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के बालकांना रुग्णालयात न्यावे लागले आणि दोघे दगावले. शरीराला प्रतिकाराची चेतना मिळाली होती, पण ती चुकीची मिळाली होती. त्या विषाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिनाचे योग्य रूप शास्त्रज्ञांच्या हाती आले ते २०१३ मध्ये. शरीराला नुसते डिवचणे आणि त्याला शत्रूची अचूक ओळख करून देणे यांत केवढे अंतर आहे, हे या इतिहासावरून दिसते.

ती अचूक ओळख करून देणारे उपाय आज उपलब्ध आहेत. आरएसव्हीमुळे २०१९ साली जगात पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके मृत्यू पावली, असा अंदाज आहे; त्यांतील बहुतेक सारी गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती. या विषाणूवर गर्भवतीला द्यावयाची लस आणि नवजात अर्भकाला द्यावयाचे निर्सेविमॅब हे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, अशी दोन साधने आता सिद्ध झाली आहेत. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात २०२३-२४ च्या हंगामात हे इंजेक्शन दिले असता रुग्णालयात न्यावे लागण्याइतका आजार सुमारे ८२ टक्क्यांनी टळला. या दोहोंपैकी एक तरी साधन सर्व देशांनी स्वीकारावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ मध्ये केली आहे.

आपल्या देशात तर हाती असलेल्या शस्त्राचाही पुरता वापर होत नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईत गोवंडी व आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ उसळली आणि लस न मिळालेली बालके तिला बळी पडली. गोवर केवळ अंगावर पुरळ आणून जात नाही. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्तातील पूर्वी मिळविलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के गोवराने पुसून टाकल्याचे २०१९ मध्ये दिसून आले आहे. प्रतिकारशक्तीच्या रक्षणाची कळकळ ज्यांना आहे, त्यांच्या दृष्टीने गोवराच्या लशीच्या दोन मात्रांहून मोलाचे रसायन कोणते? न्यूमोकॉकसची लस २०१७ मध्ये मोजक्या भागांत व २०२१ मध्ये देशभर सरकारी कार्यक्रमात आली. विषाणूमागून येणाऱ्या जिवाणूंच्या न्यूमोनियाला ती आवर घालते. इन्फ्लुएन्झाची लस मात्र अद्याप ज्याच्या खिशाला परवडेल त्याच्यापुरतीच राहिली आहे. साबणाने हात धुण्याचे महत्त्वही कमी लेखू नये. कराचीच्या गरीब वस्त्यांत या एका सवयीने पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनिया निम्म्यावर आल्याचे २००५ मध्ये नोंदले गेले आहे.

तेव्हा आमचे म्हणणे स्वच्छ आहे. शासनाने गर्भवतीची आरएसव्हीची लस किंवा अर्भकाचे इंजेक्शन, यांपैकी आपल्या परिस्थितीला मानवेल ते परवडणाऱ्या किमतीत आणण्याचा कार्यक्रम कालमर्यादेसह जाहीर करावा. महानगरपालिकांनी वस्तीवस्तीत जाऊन लशीस मुकलेल्या बालकांची नोंद करावी. औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना मनाई करणारा कायदा १९५४ पासून आपल्या पुस्तकात आहे. ‘प्रतिकारशक्ती वाढविते’ या मोघम शब्दांच्या आडून विकल्या जाणाऱ्या मालाला तो लावून दाखवावा. पालकांनीही बाटली घेण्यापूर्वी मुलाचे लसीकरणाचे पुस्तक उघडून पाहावे. सहा महिने केवळ स्तनपान, नंतर चौरस आहार, धूर व तंबाखू यांपासून मुक्त घर, पुरेशी झोप, आणि आजारी मुलाला शाळेत न धाडण्याचा विवेक, एवढे जरी साधले तरी पुष्कळ साधले.

आणखी एक गोष्ट आमच्या सुस्थित वाचकांना सांगितली पाहिजे. आपल्या मुलाभोवती महागड्या औषधांचा कोट बांधून त्याचे रक्षण होईल, हा भ्रम आहे. विषाणू उंबरठा पाहून थांबत नाही. घरी कामाला येणाऱ्या बाईचे मूल, शाळेच्या गाडीच्या चालकाचे मूल आणि आपले मूल एकाच हवेत श्वास घेतात. शेजारच्या वस्तीतील शेवटच्या बालकापर्यंत लस पोहोचावी असा आग्रह धरणे, हा आपल्या मुलाच्या आरोग्याचाही सर्वांत स्वस्त व सर्वांत खात्रीचा उपाय आहे. तो आग्रह धरण्याची शक्ती सुशिक्षित वर्गाच्या हाती आहे. ती त्याने वापरली पाहिजे.