इटली ‘झाली’ म्हणजे नक्की काय झालं?

आपल्या मराठीतल्या एका क्रियापदावर माझा फार दिवसांपासून राग आहे. ‘करणे’. स्वयंपाक करतात, लग्न करतात, गणपतीत आरास करतात, इथवर ठीक. पण हल्ली लोक देश करायला लागलेत. “यंदा आम्ही युरोप केला.” “इटली केलीत का हो?” आणि त्यावर उत्तर, “हो, झाली ना! रोम झालं, पिसा झालं, व्हेनिस झालं. फ्लॉरेन्सपण झालं, पण ते पिसाच्या आधी की नंतर, ते ह्यांना विचारावं लागेल.” विजेचं बिल झालं, गॅसचं बुकिंग झालं, फ्लॉरेन्स झालं!

दर वर्षी मे महिना सरला की हे सुरू होतं, म्हणून आज जरा भांडायचंच ठरवलंय. आमचे नातेवाईक इथे येऊन वाचतात हे मला पक्कं माहीत आहे. खरं तर तुमच्यासाठीच लिहितोय. रागावलात तर दिवाळीला फराळाला बोलावू नका, पण आधी शेवटपर्यंत वाचा. :)

एक गोष्ट सुरुवातीलाच. मी ग्रुप टूरच्या विरोधात नाही. गुडघे दुखतायत, परकी भाषा येत नाही, मांसाहार चालत नाही, आयुष्यात विमानात बसलेलो नाही, अशा हजारो मराठी माणसांना ह्या टूर्सनी जग दाखवलं. ज्या पिढीने आयुष्यभर एलटीसीवर फार तर काश्मीर पाहिलं, ती पिढी आज कोलोसियमसमोर उभी राहते, ह्याचं मला मनापासून कौतुक आहे. माझं भांडण आहे ते त्या टूरच्या कागदाशी. आणि तो कागद बघून पैसे भरणाऱ्या आपल्याशी.

तो कागद कधी नीट वाचलाय? ‘दहा दिवसांत सात देश’ मधले इटलीच्या वाट्याला आलेले दिवस तीन. पहिला दिवस व्हेनिस : बोटीतून सान मार्को चौक, काच फुंकण्याचं प्रात्यक्षिक (म्हणजे काचेचं दुकान), भारतीय जेवण, बस. दुसरा दिवस पिसा आणि फ्लॉरेन्स. तिसरा दिवस रोम आणि व्हॅटिकन. हॉटेल शहराच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, कारण तिथे बस लावता येते. आणि मग ते दोन जादूचे शब्द : ‘ओरिएंटेशन टूर’ आणि ‘फोटो स्टॉप’. पहिल्याचा अर्थ बसच्या खिडकीतून, दुसऱ्याचा अर्थ बसमधून उतरून, पण आत न जाता!

आमच्या एका काकूंना (त्या हे वाचतात, त्यांची परवानगी घेतलीय) मी विचारलं, “मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहिलात?” काकू म्हणाल्या, “पाहिला की! बाहेरच तर उभा होता.” बाहेर उभा आहे तो डेव्हिडचा भाऊ. खरा डेव्हिड मायकेलअँजेलोने १५०१ ते १५०४ मध्ये घडवला, तो १८७३ साली ऊन-पावसापासून वाचवायला आकादेमिया नावाच्या संग्रहालयात हलवला. चौकात आहे ती १९१० सालची प्रतिकृती. आणि ज्या टेकडीवरून सगळे ग्रुप फोटो काढतात, तिथला हिरवट डेव्हिड हा ब्राँझचा, म्हणजे तीही नक्कलच. काकूंनी दोन डेव्हिड पाहिले आणि दोन्ही खोटे. त्यात काकूंची काय चूक? त्यांना कुणी सांगितलंच नाही. सांगायला वेळ कुठे होता, बस निघत होती ना...

आता पिसा घ्या. मनोरा हाताने तोलून धरल्याचा फोटो आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी आहे. पण तो मनोरा पडला का नाही, ही गोष्ट किती जणांना कळली? ११७३ साली काम सुरू झालं. तीन मजले होईतो खालची भुसभुशीत जमीन खचायला लागली आणि त्याच सुमारास लढायांमुळे काम जवळजवळ शंभर वर्षं थांबलं. त्या शंभर वर्षांत जमीन दबून घट्ट झाली, म्हणून मनोरा वाचला. सलग बांधला असता तर कोसळला असता, असं अभियंते सांगतात. पुढच्या गवंड्यांनी कल दुरुस्त करायला वरचे मजले उलट बाजूला झुकवून बांधले, त्यामुळे तो नीट पाहिलं तर केळ्यासारखा किंचित वाकलेला दिसतो. १९९० साली तो लोकांसाठी बंद केला आणि उत्तरेकडची माती थोडी थोडी काढून साधारण चाळीस सेंटिमीटर मागे आणून २००१ च्या डिसेंबरात पुन्हा उघडला. केवढी माणसाच्या हट्टाची गोष्ट! आणि आपण तिच्यासमोर उभं राहून काय करतो, तर हवेत हात धरतो.

शेजारीच बाप्तिस्मागृह आहे. त्यात निकोला पिसानोने १२६० साली कोरलेलं संगमरवरी व्यासपीठ आहे. पुढे जे काही ‘रेनेसाँ’ म्हणून झालं त्याच्या मुळाशी हा माणूस येतो. मनोऱ्यापासून चालत दोन-तीन मिनिटं. त्याचा ‘फोटो स्टॉप’ नाही.

इथे मला नेहमीचं उत्तर मिळतं. “अरे बाबा, आयुष्यात एकदाच जाणार आम्ही. मग सगळं नको का बघायला?”

हा युक्तिवाद मला कधीच कळलेला नाही. आयुष्यात एकदाच जेवायला मिळणार असेल तर तुम्ही वीस ताटांना एकेक बोट लावून उठाल, की एका पानावर बसून पोटभर जेवाल? एकदाच जायचंय म्हणूनच तर कमी बघायला हवं. विमानाचं तिकीट तेवढंच. शेंगेन व्हिसाचे २०२४ पासून माणशी नव्वद युरो पडतात, ते तीन शहरांना पडतात आणि तेरा शहरांनाही तेवढेच. वाचतो तो फक्त बसमधला वेळ, आणि तो आपल्याला नकोच होता.

दुसरं उत्तर असतं, “आम्हाला त्या कलाबिलेतलं काही कळत नाही.” हे मात्र साफ खोटं आहे. आषाढीला पंढरपुरात तासन् तास रांगेत उभी राहून विठ्ठलापुढे क्षणभर टेकणारी माणसं आपण. तो क्षण पुरतो, कारण आधी घरात आजीने सांगितलेल्या गोष्टी असतात, हरिपाठ असतो, पायांना वाट माहीत असते. दर्शनाला तयारी लागते हे आपल्याला कुणी शिकवायला नको. मग रोमला जाताना ते आपण विसरतो कसे?

आणि काही ठिकाणी तर तयारीही लागत नाही. रोमचं पँथिऑन. हेड्रियन बादशहाच्या काळचं, म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचं. त्रेचाळीस मीटर व्यासाचा काँक्रीटचा घुमट, आत लोखंडाची एकही सळई नाही, आणि वर मधोमध आकाशाला उघडं भोक. पाऊस आला की आत पडतो आणि फरशीतल्या बारीक छिद्रांतून निघून जातो. त्या भोकातून येणारा उन्हाचा गोल कवडसा भिंतीवरून सरकत राहतो. तो सरकताना बघायला कलेची पदवी लागत नाही, अर्धा तास लागतो. तो अर्धा तास आपल्या कागदात नाही.

तिथून चार पावलांवर सान लुईजी नावाचं चर्च आहे. आत काराव्हाज्जोची संत मॅथ्यूवरची तीन चित्रं, प्रवेश फुकट. आम्ही गेलो तेव्हा पेटीत नाणं टाकलं की थोडा वेळ दिवा लागायचा आणि मग पुन्हा अंधार. तिथे आठ-दहा अनोळखी माणसं एकमेकांकडे बघत होती, आता कोण नाणं टाकणार म्हणून. एक म्हातारेबुवा खिसे चाचपायला लागले तर सगळे हसले. इटलीतली ती माझी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत श्रीमंत वीस मिनिटं. असो.

आता जरा कडू बोलतो. हे प्रकरण फक्त आपल्या आनंदापुरतं असतं तर मी गप्प बसलो असतो. ज्याने त्याने आपल्या पैशाने काय ते करावं. पण आपल्या ह्या पळापळीची किंमत तिथली माणसं मोजतायत. व्हेनिसच्या जुन्या शहरात १९५१ साली साधारण पावणेदोन लाख लोक राहत होते. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. घरं पर्यटकांना भाड्याने गेली, भाजीच्या दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकानं आली. शेवटी २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी, दिवसापुरत्या येणाऱ्या माणसाला शहरात शिरायचे पाच युरो लावले, आणि २०२५ मध्ये आयत्या वेळी नोंदवणाऱ्यांना दहा. मार्गदर्शकाबरोबरच्या ग्रुपवर पंचवीस माणसांची मर्यादा घातली, लाउडस्पीकरला बंदी केली.

ह्यातली खरी गोम लक्षात घ्या. जो शहरात रात्री मुक्काम करतो त्याला ते प्रवेशशुल्क माफ आहे! त्याच्याकडून मुक्कामाचा कर वेगळा घेतात, पण तो पाहुणा. दंड आहे तो चार तासांत येऊन फोटो काढून जाणाऱ्याला. म्हणजे अख्खं शहर हात जोडून सांगतंय, बाबांनो, येऊ नका असं नाही, पण आलात तर राहा. आपण मात्र त्यावर म्हणतो, “पाच युरो पॅकेजमध्ये आहेत ना? मग ठीक.”

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा सगळा खटाटोप, ती सांगतो. फ्लॉरेन्समध्ये आर्नो नदीच्या काठाने पश्चिमेला कासिने नावाची लांबच लांब बाग आहे. तिच्या पार टोकाला, जिथे मुन्योने नावाचा ओढा आर्नोला मिळतो, तिथे एक छत्री आहे. आपल्याकडे असते तशीच, खांबांची, घुमटाची. तिच्याखाली कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा अर्धपुतळा आहे. हो, कोल्हापूरच्या! हे राजर्षी शाहूंच्या आधीचे, दुसरे राजाराम. १८७० साली ते इंग्लंड बघायला गेले, परतीच्या वाटेवर फ्लॉरेन्सला आजारी पडले आणि ३० नोव्हेंबरला तिथेच वारले. वय जेमतेम विशीचं. त्या कॅथलिक शहरात दहन कुणी पाहिलेलं नव्हतं. खास परवानगी काढून दोन पाण्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. १८७४ साली तिथे ही छत्री उभी राहिली. जवळच्या मोठ्या पुलाला आजही ‘पोंते आल इंदियानो’ म्हणतात, भारतीयाचा पूल. महाराजांनी प्रवासात लिहिलेली रोजनिशी पुढे १८७२ मध्ये लंडनला छापली गेली.

म्हणजे बघा, दीडशे वर्षांपूर्वी युरोप बघायला निघालेला आपला एक तरुण राजा त्या शहरात कायमचा राहिला. दर उन्हाळ्यात मराठी माणसांनी भरलेल्या बसेस फ्लॉरेन्सला जातात, त्यांत कोल्हापूरचीही माणसं असतात. आणि मी आजवर पाहिलेल्या एकाही टूरच्या कागदावर ही छत्री नाही. शहराच्या मध्यापासून चार-पाच किलोमीटर. तिथे डोकं टेकवायला दहा मिनिटं नाहीत, पण चामड्याच्या दुकानात पाऊण तास आहे. ह्याची मला लाज वाटते, तुम्हाला वाटत नसेल तर विषय संपला.

टूर कंपन्यांना शिव्या देऊन काही उपयोग नाही. आपण मागतो ते त्या विकतात. दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून आपण काय मोजतो? नावं. ज्याच्यात नावं जास्त ते ‘व्हॅल्यू फॉर मनी’. उद्या आपण नावं कमी आणि रात्री जास्त मागायला लागलो, तर परवा तशी टूर निघेल. मराठी गिऱ्हाईक चिवट असतं, त्याने ठरवलं तर परदेशात पुरणपोळीसुद्धा मिळवली आहे!

तेव्हा पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी तीन प्रश्न विचारा. एक, हॉटेल शहरात आहे की हायवेवर? दोन, ह्या यादीतल्या किती ठिकाणी आम्ही खरोखर आत जाणार? तीन, एकाच शहरात सलग तीन रात्री कुठे आहेत? तिसऱ्याचं उत्तर ‘कुठेच नाही’ असेल तर तो कागद घडी घालून परत द्या. फ्लॉरेन्सला तीन रात्री राहिलात तर पिसा आगगाडीने तासाभरावर आहे, सिएना बसने सव्वा तासावर. सामान रोज उचलायचं नाही. सोमवार टाळा, त्या दिवशी उफिझ्झी आणि आकादेमिया दोन्ही बंद असतात. आणि जायच्या आधी महिनाभर रोज पाच मिनिटं त्या शहराबद्दल काहीतरी वाचा. हरिपाठाला जेवढा वेळ लागतो त्याहून कमीच.

दहा नावं गेली तर जाऊ द्या. स्वित्झर्लंडचा बर्फ कुठे पळून जात नाही. आणि परत आल्यावर कुणी विचारलं, “काय, फ्लॉरेन्स झालं का?” तर खुशाल सांगा, “छे हो, तीन दिवस होतो तिथे. अजून बरंच व्हायचंय.”