परिपत्रकात न मावणारे पाय

सरकारी कचेरीत जोडे झिजवण्याचा अनुभव महाराष्ट्रातील बहुतेक नागरिकांच्या गाठीशी असतो. परंतु त्याच कचेरीत चाकरीनिमित्त रोज जाणाऱ्यांच्या जोड्यांविषयीही सरकारला काही निश्चित मते आहेत, हे डिसेंबर २०२० मध्ये निघालेल्या परिपत्रकावरून कळून आले. कर्मचाऱ्यांच्या गबाळ्या वेषामुळे जनमानसातील शासनाची प्रतिमा मलिन होते असा त्यातील युक्तिवाद होता. जीन्स आणि टी-शर्ट यांवरील बंदीची चर्चा त्या वेळी पुष्कळ झाली. पादत्राणांचे कलम मात्र कोणाच्या फारसे नजरेत भरले नाही. महिलांनी चपला, सँडल अथवा बूट वापरावेत, पुरुषांनी बूट अथवा सँडल वापरावेत, आणि स्लिपर कोणीच वापरू नये, अशी ती व्यवस्था होती.

सँडल आणि स्लिपर यांत भेद तो काय, असा प्रश्न ज्याला पडेल त्याने दोन्ही वस्तू शेजारी ठेवून पाहाव्यात. तळवा एकाच रबराचा, वरचे बंद एकाच जातीचे; अंतर केवळ टाचेमागून जाणाऱ्या एका पट्ट्याचे. राज्यशकटाची सारी अब्रू या बोटभर पट्ट्यावर तोलून धरण्यात आली आहे, हे ज्या अधिकाऱ्याने मसुदा लिहिला त्याच्या ध्यानी आले होते की नाही, कोण जाणे! बदलापूर किंवा विरार येथून निघून, लोकलच्या डब्यात तासभर परक्यांच्या टाचा आपल्या चवड्यांवर झेलत जो कारकून चर्चगेट वा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरतो आणि तेथून मंत्रालयापर्यंतची वाट पायी तुडवतो, त्याच्या दृष्टीने प्रश्न प्रतिमेचा नसून पोहोचण्याचा असतो. त्यातून जुलै महिना असेल तर कातडी बुटाची जी दशा होते ती पाहवत नाही: मोजे निथळत असतात, डिंकाने चिकटवलेला तळवा पुढून तोंड उघडतो, आणि रविवारी कपाटात ठेवलेल्या जोडावर सोमवारी पांढरी बुरशी धरलेली दिसते. पावसाळ्याच्या चार महिन्यांत मुंबईत शहाणपणाचे असे पादत्राण एकच, आणि ते म्हणजे परिपत्रकाने वर्ज्य ठरवलेले रबरी पायताण.

स्त्रियांची अडचण याहून बिकट आहे. बाजारात त्यांच्यासाठी मालाची टंचाई मुळीच नाही. टंचाई आहे ती पायाचा विचार करून बनवलेल्या मालाची. एका फळीवर निमुळत्या टोकाच्या, उंच टाचेच्या किंवा पापडासारख्या पातळ तळव्याच्या देखण्या वस्तू मांडलेल्या असतात. दुसऱ्या फळीवर तपकिरी रंगाची, जाड बुडाची ‘डॉक्टर चप्पल’ असते, जी पायात घालताच घालणारीच्या वयात दहा वर्षांची भर पडते आणि भेटणारा प्रत्येक जण गुडघ्यांची विचारपूस करू लागतो. या दोहोंच्या मध्ये जे असावयास हवे ते दुकानदार ‘येत नाही हो असलं’ म्हणून हसून सांगतो. परिणामी आमच्या शहरांतील असंख्य भगिनींनी दोन जोडांचा संसार मांडला आहे: रस्त्यासाठी एक, साहेबांसाठी एक. दुसरा जोड टेबलाच्या खालच्या खणात, जुन्या फायलींच्या आणि डब्याच्या पिशवीच्या सोबतीने मुक्काम करतो. दुपारी तीनच्या सुमारास हा दर्शनी जोडही पायांतून अलगद उतरलेला असतो, आणि केबिनमधली घंटा वाजली की वर चेहरा गंभीर ठेवून खाली अंगठ्याने सँडल चाचपण्याची जी कसरत चालते, तिची नोंद कोणत्याही गोपनीय अहवालात होत नाही.

चपला चावतात याचा दोष आपण आजवर आपल्याच पायांना देत आलो. वस्तुतः आपल्याकडे जोड्यांची मापे साहेबाने आणली आणि तो गेल्यावरही तीच चालू राहिली. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांचे पाय मोजविले, तेव्हा भारतीय पाऊल युरोपीय पावलाहून रुंद असल्याचे निष्पन्न झाले. रुंदीला जागा मिळावी म्हणून माणूस लांबीला एक अंक वाढवून घेतो. मग चवडा दबलेला तो दबलेलाच राहतो आणि टाच मात्र जोडातून निसटू लागते. कुरपे आणि फोड यांचे मूळ बहुतांशी या जुलमी तडजोडीत आहे. ‘भा’ या नावाची स्वतंत्र भारतीय मापपद्धती त्यानंतर सुचवली गेली. उशिराने का होईना, कोणीतरी पायाला विचारले हे खरे.

राज्यकर्त्यांची पादत्राणांवरील नजर तशी जुनीच. १८६२ साली सुरतेच्या न्यायालयात माणकजी कावसजी एंटी या पारशी गृहस्थांना जोडे काढून आत येण्यास फर्मावले गेले आणि त्यांनी त्यास साफ नकार दिला, त्यावरून मुंबई इलाख्यात मोठा वाद माजला. देशी जोडा असेल तर तो दाराबाहेर उतरावा, विलायती बूट असेल तर खुशाल आत यावे, असा त्या काळचा दंडक होता. तो दंडक संपला असे आम्ही समजत होतो. पण उपरोक्त परिपत्रक अक्षरशः वाचले तर पुरुषांच्या यादीत ‘चप्पल’ हा शब्दच नाही. म्हणजे ज्या कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तिला मंत्रालयातील पुरुषाच्या पायात जागा नाही, आणि हे त्याच परिपत्रकात, जे आठवड्यातून एक दिवस खादी वापरण्याचा आग्रह धरते! जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा या कंपनीने थेट कोल्हापुरीच्या वळणाच्या चपला पुरुषांच्या पायांत घालून मिरवल्या, तेव्हा महाराष्ट्रात संताप उसळला, आणि तो रास्तही होता. परंतु इटलीला जे शोभले ते आपल्या कारकुनाला का शोभू नये, याचा खुलासा त्या गदारोळात कोणी मागितला नाही.

हे परिपत्रक काढणाऱ्या सामान्य प्रशासन विभागास आमची विनंती एवढीच की, पुरुषांच्या यादीत कोल्हापुरी चपलेचा नामनिर्देश करावा, जून ते सप्टेंबर रबरी पादत्राणांस मुभा द्यावी, आणि मागच्या पट्ट्याची अट काढून टाकावी. या तीन दुरुस्त्यांसाठी अर्थसंकल्पात तरतूद करावी लागत नाही.