आडनाव काय म्हणालात?

गेल्या जूनमध्ये कचेरीतल्या एका तरुण सहकाऱ्यासाठी घर बघत आम्ही दोघे पश्चिम नागपुरात हिंडत होतो. नागपूरचा जून, सकाळी नऊलाच डोक्याला दुपट्टा बांधावा लागतो. दुसऱ्या मजल्यावरची एक जागा त्याला पसंत पडली. भाडे ठरले, नळाची वेळही विचारून झाली. मालकीणबाईंनी चहा आणला आणि सहज विचारले, "आडनाव काय म्हणालात?" मी माझे सांगितले. "अरे वा!" मग त्याने त्याचे सांगितले. कपबशा उचलल्या गेल्या. "ह्यांना विचारून कळवते," असे बाई म्हणाल्या. ते कळवणे अजून यायचे आहे.

चीड मला आली होती. तो शांत होता. म्हणाला, "सर, जिना चढतानाच धडधड सुरू होते. नाही म्हटलं की थांबते."

संकट दिसले की शरीरात अ‍ॅड्रेनलीन, कॉर्टिसॉल ही द्रव्ये वाढतात, नाडी आणि रक्तदाब चढतो. साप दिसला तर हे उपयोगाचेच. पण साप निघेल, आता निघेल, म्हणून रोज काठी घेऊन बसायचे, तर तो रक्तदाब उतरायचा कधी? अमेरिकेतील संशोधक इलान मायर यांनी २००३ साली समलिंगी व्यक्तींविषयी लिहिताना हेच मांडले: नाकारले जाण्याची धास्ती हादेखील ताणच, प्रत्यक्ष नकार येवो न येवो.

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी पथिकाश्रमात पारशी नाव घेऊन राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन माणसे आली. ती हकिगत आपण सांगतो ती लाठ्यांची. मला हल्ली आधीचे दहा दिवस आठवतात. जिन्यावर पाऊल वाजले की काय होत असेल?

१४ ऑक्टोबर १९५६ ला याच शहरात लाखोंनी धम्मदीक्षा घेतली. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती बौद्धांना नाकारल्या गेल्या. त्या मिळायला १९९० साल उजाडले. घरमालकांच्या लेखी मात्र जात एक दिवसही सुटली नव्हती!

त्याला अखेर इंदोऱ्यात खोली मिळाली, आपल्या माणसांत. कचेरीला तो दोन बस बदलून येतो.

आमच्या घरची मागची खोलीही भाड्याने असे. आई चहा द्यायची आणि हाच प्रश्न विचारायची. मी शेजारी पेपर वाचत बसलेला असे. किती जण चहा पिऊन उठून गेले, मला आठवत नाही.