'एक्का आहे की!'

पोकर हा नशिबाचा खेळ आहे असं कुणी म्हटलं की मी वाद घालतो. तो कौशल्याचा खेळ आहे असं कुणी म्हटलं की मी भांडतो. आष्टीत यामुळे माझी ओळख 'डोकं फिरलेला' अशी झाली आहे. ती मला मान्य आहे, पण आधी ऐकून घ्या.

२०२२ च्या हिवाळ्यात आम्ही आठ-दहा पोरं एका अभ्यासिकेत भरतीचा अभ्यास करत होतो. त्याच सप्टेंबरात नगर-आष्टी रेल्वे सुरू झाली होती, आणि गाव आता जगाला जोडलं गेलं असं जो तो बोलत होता. आम्ही त्याआधीच जोडले गेलो होतो. रात्री अकरानंतर लाइट बंद व्हायची आणि पोरांच्या तोंडावर मोबाइलचा हिरवा उजेड पडायचा. हिरवा, कारण पोकरच्या टेबलाचा रंग तो. चार महिन्यांत माझे ३८ हजार गेले. त्यातले ३० हजार दादांनी कांद्याच्या पट्टीतून क्लाससाठी दिलेले होते. ते ॲप कुठलं, हे सांगून काही फरक पडत नाही. सगळी सारखीच होती.

पैसे गेल्यावर मी जे करायला पाहिजे होतं ते केलं नाही, म्हणजे खेळ सोडला नाही. मी हिशोब मांडायला बसलो. या लेखाला कारण तो हिशोब आहे.

५२ पत्त्यांतून दोन पत्ते हातात येण्याचे १,३२६ प्रकार होतात. बदाम-इस्पिक असा फरक सोडून नुसतं 'एकाच रंगाचे की वेगळ्या' एवढंच बघितलं, तर उरतात १६९. त्यात दोन एक्के येण्याचा योग २२१ डावांत एकदा. कुठलीही जोडी १७ डावांत एकदा. बाकी वेळ हातात कचरा असतो, किंवा कचऱ्याहून वाईट, म्हणजे चांगला दिसणारा कचरा. आपण तीन पत्तीवर वाढलेले लोक. तिथे २२,१०० प्रकार होतात आणि चारातल्या जवळपास तीन डावांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणून तिथे एक्का दिसला की माणूस चाल करतो. पोकरच्या टेबलावर आम्ही हीच सवय घेऊन बसलो.

माझा पहिला मोठा पराभव एक्का-सत्तीवर झाला. सहा जणांचं टेबल, मी पहिल्या जागेवर, म्हणजे पत्ते वाटल्यावर सगळ्यात आधी बोलायचं मी. एक्का बघून पैसे वाढवले. बाकी सगळ्यांनी पत्ते टाकले, फक्त बटणावरचा थांबला. मधल्या पहिल्या तीन पत्त्यांत एक्का आला आणि माझं डोकं गरम झालं. शेवटी सगळे पैसे मध्ये. त्याच्याकडे एक्का-राणी. दोघांची एक्क्यांचीच जोडी, पण सत्तीपेक्षा राणी मोठी. मला वाचवायला गड्डीत तीन सत्त्या उरल्या होत्या. आली नाही. मी भिंतीवर हात आपटला आणि म्हणालो, नशीब.

ते नशीब नव्हतं. तुमच्या हातात एक एक्का असेल, तर उरलेल्या ५० पत्त्यांत तीन एक्के आहेत. तुमच्या मागे पाच जण बोलायचे बाकी असतील, तर त्यांच्यातल्या निदान एकाकडे एक्का असण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे. तोच हात बटणावर आला, पुढच्या सगळ्यांनी पत्ते टाकलेले, मागे फक्त दोघे, तर ती शक्यता साधारण २३ टक्क्यांवर येते. पत्ते तेच आहेत. बदलली फक्त खुर्ची.

बटण म्हणजे वाटणाऱ्याची जागा. ॲपवर पत्ते यंत्रच वाटतं, पण बटणाची ती गोल खूण दर डावाला एकेक घर पुढे सरकते. तिच्या डावीकडच्या दोघांना पत्ते बघण्याआधीच पैसे लावावे लागतात. त्यांना छोटा ब्लाइंड आणि मोठा ब्लाइंड म्हणतात. मधले पत्ते उघडल्यावर प्रत्येक फेरीत हे दोघे आधी बोलतात आणि बटणावाला सगळ्यात शेवटी. तो काही करण्याआधी बाकीच्यांनी काय केलं हे त्याला माहीत असतं. कोण घाबरला, कोण खोटं बोलतोय, कुणी नुसतंच ढकललंय, हे सगळं त्याला फुकट कळतं. म्हणून शिकलेला खेळाडू पहिल्या जागेवरून शंभरातले पंधरा-अठरा हात खेळतो आणि बटणावरून चाळीसच्या पुढे. एक्का-सत्ती वेगळ्या रंगाची? पहिल्या जागेवरून टाकून द्यायची. राजा-गुलाम वेगळ्या रंगाचा, फोटोतल्या नवरा-नवरीसारखा देखणा? तोही जड मनाने टाकायचा. बटणावर दोन्ही खेळता येतात.

म्हणजे पोकरचं अर्ध्याहून जास्त कौशल्य न खेळण्यात आहे. तासभर बसून पन्नास वेळा पत्ते टाकून देणं. हे मी नंतर वर्षभर केलं. गेलेल्यातले थोडेफार परतही मिळवले, सगळे नाही. तेव्हा 'पोकर म्हणजे निव्वळ नशीब' हे माझ्यासमोर बोलू नका.

आता दुसऱ्या बाजूला येतो. माझं खरं भांडण तिच्याशी आहे.

वर्षानुवर्षं कंपन्या कोर्टात म्हणत राहिल्या की हा कौशल्याचा खेळ आहे. त्यांच्याकडे आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ म्हटलं होतं. पोकरवर कोर्टांचं एकमत नव्हतं. २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालय म्हणालं की तो जुगार, २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालय म्हणालं की तो कौशल्याचा. या वादात सगळे गुंतले, पण कौशल्य आहे हे मान्य केल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारला नाही. कौशल्याने जिंकलेले पैसे येतात कुठून?

ते समोरच्या खुर्चीतून येतात. तिथे पीक उगवत नाही, दूध निघत नाही. मी एक्का-सत्ती टाकायला शिकलो म्हणून माझे पैसे वाढले, याचा सरळ अर्थ असा की कुणीतरी परळीत, जामखेडात किंवा कानपुरात ती अजून टाकायला शिकला नव्हता. मी बटणावर बसून त्याची वाट बघायचो. कौशल्य जितकं खरं, तितकी ही लूट पक्की. नुसतं नशीब असतं तर दीर्घकाळात तो आणि मी सारखेच बुडालो असतो.

आणि मध्ये बसलेला? समजा सहा जण प्रत्येकी २०० रुपये घेऊन १-२ च्या टेबलावर बसले. टेबलावर १,२०० रुपये. ॲप प्रत्येक मोठ्या डावातून आपली कट घेतं, सरासरी डावाला तीन रुपये धरा. तासाला सत्तर डाव, म्हणजे २१० रुपये. कुणी नवीन पैसे आणले नाहीत तर सहा तासांच्या आत टेबलावर एक रुपया उरणार नाही. सहाही खेळाडू एकसारखे हुशार असले तरी. टेबलावर कायम बटणावर बसलेला एकच, आणि तो पत्ते खेळतच नव्हता.

म्हणून जाहिरातीत 'पत्ते टाकायला शिका' असं कधी दिसलं नाही. सगळे पत्ते टाकायला लागले तर टेबल ओस पडेल. जाहिरातीत दिसायचा तो उघडलेला एक्का, पडणाऱ्या नोटा आणि बोनस. कौशल्य हा शब्द कोर्टासाठी होता, ग्राहकासाठी नशीबच होतं.

सरकारबद्दलही बोलतो, नाहीतर म्हणाल हा कंपन्यांवरच घसरला. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के टीडीएस त्याआधी एप्रिलपासून होताच. म्हणजे दोन वर्षं सरकार त्याच टेबलावर बसून आपला वाटा घेत होतं. मग २०२५ च्या जुलैत तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे विधान परिषदेत मोबाइलवर रमी खेळत होते असा आरोप करणारा व्हिडिओ फिरला. त्यांनी आरोप नाकारला. महिनाअखेरीस त्यांचं कृषी खातं गेलं आणि क्रीडा खातं मिळालं. (यावर आमच्या अभ्यासिकेत जे हसू झालं ते छापता येणार नाही.) पुढच्याच महिन्यात, २० आणि २१ ऑगस्टला, दोन्ही सभागृहांनी पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा मंजूर केला. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा, पैसे लावायचे असतील तर बंद. शिक्षा चालवणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. हा भाग मला योग्य वाटतो.

पण बंदीवर टाळ्या वाजवणाऱ्या वडीलधाऱ्यांना एक विचारायचं आहे. पोरगं एक्का-सत्ती का खेळतं? मूर्ख आहे म्हणून? दादांनी कांदा लावला तेव्हा त्यांनी आधी पैसे लावले. रोप, खत, मजुरी, पाणी. मग पाऊस बोलला. मग व्यापारी बोलला. डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निघायच्या बेतात असताना सरकार बोललं, निर्यातबंदी. दादा सगळ्यांच्या आधी बोलतात आणि बाकी सगळे त्यांच्यानंतर. टेम्पोचं भाडं देऊन माल नगरच्या मार्केटला नेल्यावर लिलावात भाव पडला म्हणून तो परत आणता येत नाही. ऊस तोडायला जाणारा कोयता मुकादमाकडून आधी उचल घेतो आणि फडात किती तोड होणार हे नंतर कळतं. आमच्या तालुक्यात माणूस जन्मतःच छोट्या ब्लाइंडवर बसतो. बघून, थांबून, शेवटी बोलण्याची चैन त्याने घरात कुणाला करताना पाहिलेलीच नसते. आलेला हात खेळायचा, कारण दुसरा येईल याची खात्री नाही, हेच त्याला माहीत असतं. ॲपवाल्यांना हे आमच्याहून आधी कळलं होतं.

दादांना मी २०२४ च्या पोळ्याला खरं सांगितलं. त्यांनी विचारलं, "किती?" मी आकडा सांगितला. ते बैलाच्या शिंगाला हिंगूळ लावत होते, लावत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं जास्त गेले." एवढंच. मला अजून कळलेलं नाही की ही माफी होती की हिशोब.

मी आता खेळत नाही. माझं ॲप बंद पडलं तेव्हा खात्यावर २१२ रुपये होते, तेही काढून घेतले. पण गेल्या आठवड्यात अभ्यासिकेतल्या एका नव्या पोराने मोबाइल पुढे केला. परदेशातली कुठली तरी साइट, टेलिग्रामवर आलेली लिंक, तेच हिरवं टेबल. "दादा, तुम्हाला यातलं कळतं म्हणतात," तो म्हणाला. कायदा-बियदा मी काढला नाही. विचारलं, "पहिल्या जागेवर आहेस, एक्का-सत्ती आली, रंग वेगळा. काय करशील?"

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच नवा आहे.

"एक्का आहे की!" तो म्हणाला.