तो हॉस्पिटलचा भाग पुढे ढकलू नका

दिवाळीच्या सुटीतली गोष्ट. धान कापून झालेलं, मंडईचे दिवस, आणि आम्ही गावी आलेले सहा-सात जण सौंदडला एका मित्राच्या गच्चीवर. आमच्याकडे पिक्चर मोठ्या पडद्यावर बघायचा तर गोंदिया गाठावं लागतं, नाहीतर लॅपटॉप झिंदाबाद. त्या रात्री लॅपटॉपवर लागला ‘द एक्झॉर्सिस्ट’. 1973चा, विल्यम फ्रीडकिनचा. ऑस्करच्या ‘बेस्ट पिक्चर’च्या यादीत पोचलेला पहिला हॉरर सिनेमा. बारा वर्षांच्या रेगनला सैतान धरतो, एवढं सगळ्यांना माहीत होतं. मान गर्रकन मागे फिरते, तेही सगळ्यांनी रील्समध्ये बघितलेलं.

पिक्चर संपल्यावर जी मतं आली, ती तुम्हाला पाठ असतील. एक म्हणाला, “यापेक्षा ‘शैतान’ डेंजर होता बे.” दुसरी म्हणाली, “मी तर उशीच तोंडावर धरली होती.” तिसऱ्याने ती हिरवी उलटी वाटाण्याच्या सूपची होती आणि तोंडातून वाफ दिसावी म्हणून बेडरूमचा सेट बर्फासारखा गार केला होता, हे ज्ञान वाटून सगळ्यांची मजा घालवली. (असा एक प्रत्येक ग्रुपमध्ये असतो. आमच्यात तो मीच होतो.) आणि एका मुद्द्यावर सगळ्यांचं एकमत झालं: मधला हॉस्पिटलचा भाग बोअर. तो आम्ही फॉरवर्डच केला होता.

नंतर घरी येऊन मी तो भाग एकट्याने बघितला. तेव्हापासून मला ह्या पिक्चरबद्दल वेगळंच काहीतरी म्हणायचंय.

रेगन विचित्र वागायला लागते तेव्हा तिची आई पाद्र्याकडे जात नाही. ती डॉक्टरकडे जाते. मेंदूच्या एका भागात बिघाड असेल, अशी शंका डॉक्टरला येते. मग तपासण्या. मानेत सुई खुपसतात, रक्ताची चिळकांडी उडते, मोठमोठी मशीनं धडधडतात. अंगावर काटा आणण्यात हा सीन त्या हलणाऱ्या पलंगाला भारी आहे, आणि त्यात भूत कुठेच नाही. मग मानसोपचारवाले येतात. सगळे थकतात तेव्हा डॉक्टरच म्हणतात, मुलीला वाटतंय की आपल्यात कोणीतरी शिरलंय, तर ते काढण्याचा विधी करून बघा, त्या समजुतीचाच उपयोग होईल. आणि आई ज्या पाद्र्याकडे जाते, तो फादर कॅरस स्वतः मानसोपचारतज्ज्ञ. तोही लगेच तयार होत नाही, पुरावे मागतो. सैतानावरच्या जगातल्या सगळ्यात गाजलेल्या पिक्चरमध्ये सैतानाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो.

आता आपल्याकडचा क्रम सांगा. मी सांगू? आधी शेजारची आजी. मग लिंबू, उतारा. मग “अमक्या गावचा एक जण चांगला झाडतो म्हणतात.” मग दुसरा झाडणारा, कारण पहिला कच्चा निघाला. आणि सगळे पैसे संपल्यावर डॉक्टर.

मी बारावीत असताना आमच्या नात्यातल्या एका मुलीला झटके यायला लागले. दात आवळायचे, डोळे वर जायचे, आणि शुद्धीवर आल्यावर तिला काही आठवायचं नाही. बाहेरचं आहे, असं घरात ठरलं. आलेल्या माणसाने तिला मिरचीची धुरी दिली. तेव्हा मी दारात उभा होतो. आत सगळे खोकत होते, ती सगळ्यात जास्त. “काका, हे बंद करा,” एवढं वाक्य माझ्या तोंडातून निघालं नाही. मोठी माणसं बसली होती ना. पुढे चार-पाच महिन्यांनी कोणीतरी शहाणपण केलं, तिला गोंदियाला नेलं, आणि ती फिट्स म्हणजे मिरगी निघाली. रोजच्या गोळ्या सुरू झाल्या आणि झटके थांबले.

ते लोक वाईट होते, असं मी म्हणत नाही. तिची आई रोज रडायची. धुरी देणाऱ्याला चहा आणि पैसे देताना तिला वाटत होतं की आपण पोरीवर उपचारच करतोय. पण ती धुरी त्या वेळीही गुन्हाच होती, हे मला पत्रकारिता शिकायला गेल्यावर कळलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013ला पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच्या अनुसूचीतला पहिलाच मुद्दा वाचा, अंगावर येतो. भूत उतरवण्याच्या बहाण्याने दोराने-साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं, छताला टांगणं, केस उपटणं, चटके देणं. कोणत्याही हॉरर लेखकाने लिहिलेली ही यादी नाही, ती आपल्या गावांमधून आलीय. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच ते पन्नास हजार. साप, कुत्रा, विंचू चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र म्हणत बसणंही त्यात येतं. धानाच्या बांधावर रात्री पाणी बघायला जाणाऱ्या आपल्या भागात हे कलम शाळेच्या भिंतीवर रंगवायला हवं. पूजा, कीर्तन, वारीला कायदा हातही लावत नाही, हेही सोबत रंगवा, म्हणजे वाद कमी होतील.

मग असे पिक्चर बंद करावेत का? आमच्या ग्रुपमध्ये एकीचं तेच मत होतं. मला नाही पटत. माझ्या त्या नातेवाइकांनी ‘एक्झॉर्सिस्ट’चं नावही ऐकलं नव्हतं. आणि ‘झपाटलेला’ बघून तात्या विंचूला घाबरत आपण सगळे मोठे झालो, पण बाहुली घेऊन कोणी मांत्रिकाकडे गेलं नाही. माझं भांडण दुसरं आहे. ‘एक्झॉर्सिस्ट’ शेवटी डॉक्टरांना हरवतो. ‘शैतान’मध्ये जानकी बोडीवालाने जीव तोडून काम केलंय, मूळच्या गुजराती ‘वश’मध्येही तीच होती आणि त्यासाठी तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण तिथेही पोरीचं शरीर दुसऱ्याच्या हुकुमावर नाचतं आणि आपण आई-बापाचे चेहरे बघत बसतो. तिला आतून काय होतंय, हे विचारायला कॅमेऱ्याला वेळ नसतो. आपल्यालाही नसतो. कोणाच्या बहिणीच्या अंगात आलं की आपण “काय बोलली?” असं विचारतो, “कसं वाटतंय?” असं नाही.

तुमच्यापैकी कोणाच्या घरात आत्ता असं काही चालू असेल, तर 14416 हा ‘टेली मानस’चा नंबर आहे. फुकट आहे, मराठीत बोलतात. झटके येत असतील तर सरळ दवाखाना. आणि मोठी माणसं बसली असली तरी तोंड उघडा. मी उघडलं नव्हतं.

त्या मुलीलाही मी या सुटीत पिक्चर दाखवला, पूर्ण, काहीही फॉरवर्ड न करता. ती आता बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला भीती वाटेल म्हणून मी बाजूला पाण्याची बाटली घेऊन बसलो होतो. मान फिरते त्या सीनला ती हसली. मशीनवाल्या सीनला मात्र तिने लॅपटॉप थांबवला आणि म्हणाली, “माझ्या डोक्याला वायर लावायला तो डिंकासारखा लेप लावला होता ना, दोन दिवस केसातून निघाला नव्हता. लाव पुढे.”