कर्मशाळांचे प्रशिक्षण कारखाने करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण विभाग,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कर्मशाळांचे संगणकाने जोडलेल्या, वीज व माल वाचवणाऱ्या प्रशिक्षण कारखान्यांत रूपांतर करणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे पुणे जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे कर्मशाळा निदेशक, विद्यार्थी आणि भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान कारखानदार सविनय निवेदन करतो, ते असे :

प्रथम वर्षाच्या मुलाला कर्मशाळेत आल्यावर लोखंडी पट्टीचा एक तुकडा मिळतो. तो कानशीने घासायचा, गुण्या लावून बघायचा, हॅक्सॉने खाच पाडायची आणि दोन तुकडे एकमेकांत बसवून दाखवायचे. हात तयार व्हायचा तर हे शिकलेच पाहिजे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. गुण पडले की जॉब भंगारात जातो आणि पुढची बॅच पुन्हा तोच जॉब घासायला घेते. जॉबला वेळ किती लागला, वीज किती गेली, माल किती वाया गेला, बिघडला तो कशामुळे, हे कुणी विचारत नाही. नोकरीत मात्र त्याला पहिल्या आठवड्यापासून हेच विचारले जाते.

जर्मनीत डार्मस्टाट तंत्रविद्यापीठाने 2007 मध्ये प्रशिक्षण कारखाना सुरू केला. तिथे विद्यार्थी खरोखरचे न्यूमॅटिक सिलिंडर तयार करतात आणि ते करता करता उत्पादनातल्या चुका शोधायला शिकतात. 2016 मध्ये त्याच विद्यापीठाने उभारलेल्या दुसऱ्या कारखान्यात यंत्रांची आणि भट्टीची वाया जाणारी उष्णता पुन्हा कामाला लावली जाते. इतके लांब जायलाही नको. कर्नाटकाने 150 आणि तामिळनाडूने 71 शासकीय आयटीआय टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहकार्याने, रोबोसारखी यंत्रे देऊन, अद्ययावत करायला घेतल्या. आयटीआयचा मुलगा रोबोवर हात बसवून येईल आणि त्याच्यावर देखरेख ठेवणारा अभियंता तो रोबो पहिल्यांदाच पाहत असेल, ही वेळ आपल्याकडे येऊ नये.

म्हणून पहिली आणि मुख्य मागणी ही, की प्रत्येक कर्मशाळेने वर्षभर एक खरी, उपयोगाची वस्तू बनवावी. मशीन व्हाइस चालेल, जिल्हा परिषद शाळांची लोखंडी बाकेही चालतील. प्रथम वर्षाने कापावे-घासावे, द्वितीय वर्षाने मशीनवर घ्यावे, तृतीय वर्षाने मोजमाप आणि कामाची आखणी करावी, अंतिम वर्षाने सगळ्या नोंदी तपासून कुठे अडते ते सांगावे. गुण जॉबइतकेच या नोंदींनाही द्यावेत. वस्तू विकून येणारी रक्कम कच्च्या मालासाठी वापरण्याची मुभा संस्थेला असावी. नाहीतर वर्षाअखेरीस पट्टीसुद्धा मिळत नाही, हा आमचा अनुभव आहे.

दुसरी मागणी, जुने लेथ भंगारात काढू नका. ओतीव बेडचा जुना लेथ निगा राखली तर अजून पुष्कळ वर्षे काम देईल. मोटरच्या वायरीवर करंट ट्रान्सफॉर्मर बसवला, पॅनेलमध्ये आरएस-485 जोडणीचा वीजमापक लावला आणि आकडे एका संगणकावर आणले, की लेथ किती वेळ नुसताच फिरत होता ते शेडमधल्या पडद्यावर दिसेल. ही जोडणी विद्यार्थ्यांनीच करावी. कंत्राटदाराने केली तर शिकणार कोण? मात्र हे जाळे महाविद्यालयाच्या इंटरनेटपासून वेगळे असावे.

विजेचा मुद्दा किरकोळ नाही. आमच्यापैकी एका कर्मशाळेत मशिने बंद झाल्यावरही नळीच्या जोडातून हवेची फुसफुस ऐकू येते. 7 बार दाबावर जेमतेम 3 मिलिमीटरच्या छिद्रातून हवा गळत असेल, तर कॉम्प्रेसर तेवढ्यासाठी तीन-साडेतीन किलोवॅट वीज खातो. शेडवर सौर पॅनेल जरूर बसवा, पण आधी ही गळती थांबवा. वापरलेले कूलंट आणि तेल गटारात न जाता 2016 च्या धोकादायक कचरा नियमांप्रमाणे अधिकृत प्रक्रियाकाराकडे जावे आणि त्याची नोंदवही मुलांनी ठेवावी.

निदेशकांची रिक्त पदे भरावीत. असलेल्यांना पुण्यातील सीफोरआयफोर या इंडस्ट्री 4.0 केंद्रासारख्या ठिकाणी, कामाचे दिवस धरून, प्रशिक्षण मिळावे. मशीन शासनाच्या पैशातून घेतलेले असो की सीएसआरमधून आलेले, पाच वर्षांची देखभाल आणि सॉफ्टवेअरचे लायसन्स यांची तरतूद त्यासोबतच व्हावी. उद्घाटनाची फीत कापल्यावर प्लॅस्टिकच्या आच्छादनाखाली पडून राहिलेली यंत्रे आम्ही पाहिली आहेत. संध्याकाळी कर्मशाळा लहान कारखानदारांना रास्त भाड्याने खुली करावी. या निवेदनावर सह्या करणारे कारखानदार त्या बदल्यात आपले अनुभवी कारागीर शिकवायला पाठवण्यास तयार आहेत.

सर्व महाविद्यालयांत एकदम हे होणार नाही, हे आम्ही जाणतो. येत्या शैक्षणिक वर्षात प्रत्येक महसुली विभागात एक कर्मशाळा निवडावी आणि निवड समितीत निदेशकांनाही स्थान असावे. याबाबत सविस्तर चर्चेसाठी शिष्टमंडळास वेळ द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
कर्मशाळा निदेशक, विद्यार्थी व लघुउद्योजक, पुणे जिल्हा
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत माहितीसाठी : मा. संचालक, तंत्रशिक्षण संचालनालय, मुंबई.