शपथ तिनेच का घ्यायची?

शेगावात बायकांच्या तक्रारी ऐकताना एक वाक्य पुन्हा पुन्हा कानी येते : "खरी असशील तर महाराजांची शपथ घे." मध्यंतरी एक बाई आली. नवऱ्याची मारहाण, वर चारित्र्यावर संशय. घरच्या बैठकीत ठरले, तिने देवळाच्या कळसाकडे हात करून शपथ घ्यावी, मग पाहू. ती मला म्हणाली, "ताई, मारलं त्यानं. मंग शपथ मीच कायले घेऊ? त्याले का नाही म्हनत कोणी?"

प्राचीन चीनमध्ये शिएझी नावाच्या एकशिंगी काल्पनिक पशूची कथा आहे. वादी-प्रतिवादी समोर उभे केले की तो दोषी माणूस ओळखून त्याला शिंगाने ढुशी देई. शुन राजाचा न्यायाधीश गाओ याओ त्याच्याकरवी निवाडा करी, असे सांगतात. 'कायदा' या शब्दाच्या जुन्या चिनी चिन्हातही हा पशू सामावलेला होता.

कल्पना मोहक आहे. साक्षीदार नको, वकिलाची फी नको, तारखा नकोत. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या बाईला असा पशू हवासा वाटेलच. पण आपल्याकडेही असे पशू होते, आणि त्यांचे शिंग कोणाकडे वळते हे आपण पाहिले आहे. याज्ञवल्क्यस्मृतीत तुला, अग्नी, जल, विष आणि कोश अशी पाच दिव्ये सांगितली आहेत. रामायणात अग्नीत उतरली ती सीता. रामही तेवढाच काळ तिच्यापासून दूर होता, त्याला कोणी विचारले नाही. ही फार जुनी गोष्ट म्हणावी, तर २०२१ साली आताच्या धाराशिव जिल्ह्यात एका विवाहितेला चारित्र्य सिद्ध करण्यासाठी उकळत्या तेलातून नाणे काढायला लावल्याचे उघड झाले.

आणि कोर्टात तरी काय झाले? १९७२ साली आपल्याच विदर्भात, देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले, पण १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे संमती होती! हेही दिव्यच. फक्त तेलाऐवजी वैद्यकीय तपासणीचा कागद होता.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि 'माझी संमती नव्हती' असे बाईने कोर्टात सांगितले, तर कोर्टाने ते मानून चालावे. उलट सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. मैत्रिणींनो, शिंग तिथे पहिल्यांदा दुसरीकडे वळले. ते कोणा दैवी पशूने वळवले नाही, बायकांनी वळवले.

माझा विरोध श्रद्धेला नाही. ज्या पायरीवर बाई डोके टेकवून धीर मिळवते, तीच पायरी तिच्या चौकशीची जागा करण्याला आहे. म्हणून बैठकीला गेलात की आधी सांगा : इथे शपथ होणार नाही. मार कधी बसला, कोणी पाहिला, दवाखान्याचा कागद कुठे आहे, हे विचारा आणि लिहून घ्या.

त्या बाईने शपथ घेतली नाही. तिने २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याखाली अर्ज केला आहे. आता उत्तर त्याला द्यायचे आहे.